चर्च साडेचारशे वर्षांचं, पण पायरी चढायची कुणी?

वसई (जि. पालघर) : देऊळ, दर्गा, चर्च ही सार्वजनिक इमारत आहे का? गावच्या नाक्यावर हा प्रश्न टाकला तर निम्मे लोक म्हणतील, छे, ती तर देवाची जागा, सार्वजनिक इमारत म्हणजे तहसील, दवाखाना, शाळा. कायदा मात्र वेगळं सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात सरकारी आणि खासगी दोन्ही इमारती येतात. ज्या कामासाठी लोक तिथे जातात त्या कामांच्या यादीत 'धार्मिक' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे जिथे सगळे भाविक जातात, तिथे चाकाच्या खुर्चीवरचा, काठीवरचा, न दिसणारा भाविकही जाऊ शकला पाहिजे. ती मेहेरबानी नाही, त्याचा तो हक्क आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या जुन्या चर्चना हा प्रश्न सगळ्यात जास्त लागू पडतो. कारण इथली चर्च जुनी, इमारती उंच जोत्यावर, आणि रविवारी मिस्साला येणाऱ्यांत म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी.

जोतं उंच का?

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. त्यानंतरच्या काही दशकांत किल्ल्यात आणि आजूबाजूच्या गावांत चर्च उभी राहिली. सांडोरचं सेंट थॉमस चर्च १५६६ चं, नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातली चर्च पुढे ओस पडली, आज तिथे भिंती आणि कमानी उरल्या आहेत. गावातली चर्च मात्र चालू राहिली. कुठे डागडुजी झाली, कुठे वाढवलं, कुठे छप्पर बदललं. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला.

ही इमारत बांधणाऱ्यांनी जोतं उंच ठेवलं त्याला कारण होतं. समुद्राकाठची सखल जमीन, चार महिन्यांचा पाऊस, वाडीतलं पाणी. घराचं जोतं जसं उंच, तसं चर्चचंही. शिवाय देवाच्या घरी चार पायऱ्या चढून जावं ही भावना अनेक धर्मांत आहे. बांधणाऱ्याची चूक काही नव्हती. त्या काळात गावात चाकाची खुर्ची नव्हती, गुडघे गेलेला माणूस चारपाईवर किंवा पोराच्या पाठीवर यायचा, नाहीतर घरीच राहायचा.

प्रश्न असा आहे की २०१६ चा कायदा येऊनही तो घरीच का राहतो?

कायदा काय सांगतो, कोर्ट काय म्हणालं

हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. नियम १५ जून २०१७ ला आले. कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे नियम आल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. पाच वर्षं जून २०२२ मध्ये संपली. कलम ८९ प्रमाणे कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख. पूर्वीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात स्वमग्न मुलं आहेत, बौद्धिक दिव्यांग आहेत, ॲसिड हल्ल्यातले पीडित आहेत, पार्किन्सनचे रुग्ण आहेत.

मग अंमलबजावणी का अडली? ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला, त्यात याचं एक कारण सापडतं. रतुरी स्वतः दृष्टिहीन. न्यायालयाने सांगितलं की २०१७ च्या नियमांतला १५ (१) हा नियम मूळ कायद्याशी जुळत नाही. कायदा म्हणतो 'केलंच पाहिजे', आणि नियमाने मात्र सगळी मापं सल्ला दिल्यासारखी ठेवली. सल्ला म्हटला की ज्याला वाटलं त्याने पाळला, नाही वाटलं त्याने सोडला. किमान गोष्टी सक्तीच्या करणारे नियम तीन महिन्यांत बनवा, असा आदेश केंद्र सरकारला मिळाला.

हे दिल्लीतलं प्रकरण झालं. पण गावातल्या पॅरिश कौन्सिलने, देवस्थान ट्रस्टने, मशीद कमिटीने एवढं समजून घ्यावं की 'आम्ही खासगी आहोत, आम्हाला लागू नाही' ही पळवाट व्याख्येतच बंद झालेली आहे.

घरपोच कम्युनियन : माया खरी, पण...

इथे एक नाजूक मुद्दा आहे आणि तो मांडायलाच हवा.

कॅथलिक धर्मात आजारी माणसाला रविवारच्या मिस्साची सक्ती नाही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी धर्मगुरू किंवा नेमलेले सेवक कम्युनियन घेऊन जातात. ही फार चांगली पद्धत आहे. ज्या म्हातारीकडे आठवडाभर कुणी फिरकत नाही, तिच्या दारात चर्च स्वतः येतं. कोरोनात मोबाईलवर मिस्सा सुरू झाला, तोही अनेकांना आधार ठरला.

पण याच सोयीमुळे एक गोष्ट नकळत होते. जो माणूस खरोखर अंथरुणाला खिळला आहे, आणि जो फक्त पाच पायऱ्या चढू शकत नाही, हे दोघं एकाच यादीत जातात. दुसरा माणूस आजारी नाही. तो घरात फिरतो, अंगणात बसतो, मतदानाला जातो, बँकेत जातो. चर्चच्या दारात मात्र तो आजारी ठरतो. आणि एकदा घरपोच कम्युनियनच्या यादीत नाव गेलं की रविवारी त्याची जागा रिकामी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मग कौन्सिलच्या बैठकीत रॅम्पचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, आपल्याकडे चाकाच्या खुर्चीवरचं येतंच कोण?

येत नाहीत म्हणून रॅम्प नाही, आणि रॅम्प नाही म्हणून येत नाहीत. विहिरीला पाणी नाही म्हणून पंप बसवला नाही, आणि पंप नाही म्हणून विहीर गाळात गेली, तसलाच हा प्रकार.

चर्चला जाणं म्हणजे फक्त कम्युनियन घेणं नव्हे. मिस्सा सुटल्यावर आवारात पंधरा मिनिटं उभं राहून बोलणं असतं. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची केळी गेली, कुणाकडे बाळ झालं, हे तिथे कळतं. गायन मंडळात आवाज मिसळणं असतं. शेजाऱ्याला शांतीचा हात देणं असतं. हे काही डब्यात घालून घरी नेता येत नाही. मोबाईलवर तर मुळीच नाही.

पायरी फक्त दगडाची नसते

वसईच्या जुन्या लोकांना लॅटिन मिस्सा आठवतो. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये बोलायचे, मागे लोक आपापली जपमाळ ओढत बसायचे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली. त्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाला. वसईत मराठी आली. वेदी लोकांकडे वळली. मराठी गीतं आली, मराठी प्रार्थना आल्या. याच मातीतून मराठीत बायबल आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

लॅटिन ही सुद्धा एक पायरीच होती. चारशे वर्षांची. ती काढली म्हणून परंपरा मोडली नाही. उलट लोक जवळ आले. मग दगडाच्या पायरीशेजारी एक उतार केला तर परंपरा कशी मोडते?

अशा न दिसणाऱ्या पायऱ्या आणखीही आहेत. ज्याला कमी ऐकू येतं त्याला उंच छताखाली घुमणाऱ्या लाऊडस्पीकरमधून प्रवचन कळत नाही. आवाज वाढवून उपयोग नसतो, घुमणं कमी करावं लागतं. मोठे दोन स्पीकर लावण्यापेक्षा खांबाखांबाला छोटे स्पीकर लावले तर बराच फरक पडतो. गीतांचे शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवले तर कमी ऐकणाऱ्यालाही गाता येतं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी त्या दिवशीचं वाचन मोबाईलवर अक्षररूपात पाठवलं, तर फोन स्वतः ते वाचून दाखवतो. फोटो काढून पाठवलेलं पान मात्र फोनला नीट वाचता येईलच असं नाही. एवढी साधी गोष्ट, पैसा एक लागत नाही.

स्वमग्न मूल मिस्साच्या मध्ये उठतं, आवाज करतं. लोक मागे वळून बघतात. आईला लाज वाटते आणि पुढच्या रविवारी ती येत नाही. इथे रॅम्पही नको आणि खर्चही नको, फक्त मागे वळून न बघणं हवं.

'जुनी वास्तू आहे, हात लावता येत नाही'

हे उत्तर सगळीकडे मिळतं. त्यात थोडं तथ्य आहे, पूर्ण नाही.

किल्ल्यातले अवशेष पुरातत्व खात्याच्या संरक्षणात आहेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीचं बंधन असतं. गावातली चालू चर्च ही वेगळी बाब. तिथे चारशे वर्षांत काय काय बदललं ते बघा. वीज आली, पंखे आले, माईक आला, सीसीटीव्ही आला, लादी बदलली, पोर्च वाढवला, सणाला रोषणाई होते. एवढं सगळं होताना वास्तूचं जुनेपण आड आलं नाही. ते नेमकं उतार करायच्या वेळी आड येतं.

तरीही जुन्या दगडाची काळजी घ्यायलाच हवी, आणि ती घेऊनही काम होतं. जुन्या पायऱ्या फोडायची गरज नाही. लाकडी किंवा लोखंडी सुटा रॅम्प टेकवून ठेवता येतो, उद्या काढला तर दगडाला ओरखडा नाही. बहुतेक चर्चना बाजूचं दार असतं आणि तिथे बऱ्याचदा उंची कमी असते. तिथे पक्का उतार होऊ शकतो. फक्त एक पथ्य पाळावं. ते दार 'त्यांच्यासाठीचं मागचं दार' होऊ नये. सगळ्यांनी वापरावं, तिथेही दिवा असावा, पाटी असावी, आणि ते मिस्साच्या आधी उघडलेलं असावं. कुलपाची चावी शोधेपर्यंत पहिलं वाचन होऊन गेलं तर उताराचा काय उपयोग?

याच तालुक्यात विरारला जीवदानी देवीचा डोंगर आहे. हजाराहून जास्त पायऱ्या. तिथे रोपवे झाला आणि म्हातारी माणसं देवीपर्यंत जाऊ लागली. डोंगर चढवता येतो, तर चार पायऱ्यांसाठी अडून बसण्यात अर्थ नाही.

रॅम्प म्हणजे घसरगुंडी नव्हे

अनेक ठिकाणी रॅम्प आहेत, पण ते बघितले की कळतं की मिस्त्रीने अंदाजाने ओतलेत. इतके उभे की भरलेली हातगाडीही वर जाणार नाही. हिशोब सोपा आहे. १ फूट उंचीला १२ फूट लांबी. सहा इंचाच्या चार पायऱ्या म्हणजे २ फूट उंची, तर उतार २४ फूट लांब हवा. आठ पायऱ्या असतील तर ४८ फूट, आणि मध्ये दम घ्यायला सपाट जागा. रुंदी कमीत कमी १.२ मीटर, म्हणजे चार फूट. दोन्ही बाजूंना धरायला कठडा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण तीन फूट. खुर्ची वळवायला दीड मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा.

वसईसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात शेवाळ धरतं. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल्स लावलेला उतार जुलैमध्ये धडधाकट माणसालाही पाडतो. खरखरीत फरशी, आडव्या खाचा आणि पावसाळ्याआधी एक घासणी, एवढं करावंच लागतं.

आणि रॅम्प झाल्यावर त्यावर चपला, कुंड्या, मोटारसायकली, सणाच्या मांडवाचे खांब येणार नाहीत याची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्यावी लागते. नाहीतर नाताळच्या रात्री, जेव्हा सगळ्यात जास्त लोक येतात, तेव्हाच तो बंद असतो.

घरापासून वेदीपर्यंतची साखळी

समजा रॅम्प झाला. आत खुर्ची कुठे लावायची? मधल्या वाटेत लावली तर रांगेला अडथळा, अगदी मागे लावली तर काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतला एक बाक थोडा आखूड केला की कुटुंबासोबत बसता येतं. कम्युनियनच्या वेळी धर्मगुरू चार पावलं खाली आले की झालं. पापनिवेदनाची अरुंद पेटी गुडघे टेकता न येणाऱ्याला जमत नाही, तिथे समोरासमोर दोन खुर्च्या पुरतात.

मग स्वच्छतागृह. याबद्दल कुणी उघड बोलत नाही, पण घरी राहण्याचं हेही एक मोठं कारण आहे. साठी ओलांडलेल्या बाईला दीड तास थांबायचं तर आधी ही चिंता असते. शौचालय आवाराच्या टोकाला, दोन पायऱ्या वर, भारतीय पद्धतीचं, दार आत उघडणारं. आत कुणी पडलं तर दार उघडणारही नाही. एक कमोड, भिंतीला धरायला दांडा, बाहेर उघडणारं दार, ओली न राहणारी फरशी, एवढ्याने अर्धे प्रश्न सुटतात.

त्याआधी घर ते चर्च हा रस्ता. गटारावरची फुटलेली फरशी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, चढायला उंच असलेली बस. रिक्षा थेट दारापर्यंत येऊ द्यायची की गेटवर थांबवायची, हा निर्णय चर्चच्या हातात आहे. गाड्यांच्या पार्किंगला जागा सापडते, मग दाराजवळ एका रिक्षाला वळायला जागा का नाही?

आणि दफनभूमी. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी प्रत्येकाला आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावायची असते. कबरींच्या मधली वाट दीड फुटाची, मातीची. नवऱ्याच्या कबरीपर्यंत बायकोला जाता येत नसेल, तर ही सोयीची नाही, दुःखाची गोष्ट आहे.

पैसा कुणी द्यायचा?

धार्मिक स्थळाच्या आतल्या कामासाठी सरकारी पैशाची वाट बघत बसू नये. ते समाजाने करायचं काम आहे, आणि रोषणाई, मांडव, बँड यावरचा खर्च बघता ते अशक्य नाही. एका सणाची रोषणाई निम्मी केली तरी सुरुवात होते. बाहेरचा भाग मात्र सार्वजनिक आहे. रस्ता, गटार, बस थांबा, पथदिवे ही महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची जबाबदारी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तो पैसा कुठे जातो हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभागही आहे. केंद्राचं 'सुगम्य भारत' ॲप २०२१ मध्ये आलं, अडथळ्याचा फोटो काढून मोबाईलवरून तिथे तक्रार टाकता येते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. देशातले जवळपास ६९ टक्के खेड्यांत राहतात. तेव्हा ७ नव्हे, ८ प्रकार मोजले होते, आता २१ आहेत. त्यामुळे खरा आकडा मोठाच असणार. त्यात वयाने थकलेले तर धरलेलेच नाहीत.

पुढच्या बैठकीत विचारायचे पाच प्रश्न

तक्रार करणं सोपं, सुरुवात करणं अवघड. म्हणून पॅरिश कौन्सिल असो की देवस्थान ट्रस्ट, पुढच्या बैठकीत एवढं विचारून बघावं.

१) गेल्या पाच वर्षांत कोण कोण यायचं थांबलं? वाडीनिहाय यादी करा. वारलेले सोडून.

२) त्यांच्या घरी जाऊन कुणी विचारलं का, की नेमकं कुठे अडतं? पायरी, शौचालय, रस्ता, की सोबतीला माणूस नाही?

३) टेप घेऊन पायऱ्यांची उंची, दाराची रुंदी आणि बाजूच्या दारापुढची जागा मोजली का?

४) उतार बांधायच्या आधी काठी किंवा खुर्ची वापरणाऱ्या एका तरी माणसाला नकाशा दाखवला का?

५) कौन्सिलमध्ये असा एक तरी सदस्य आहे का? नसेल तर बैठक कोणत्या मजल्यावर भरते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच ठिकाणी 'पहिल्या मजल्यावर' असं येईल. निर्णय घेणारे जिना चढून जाऊ शकणारेच असतील, तर जिना ही अडचण आहे हे त्यांना सुचणार तरी कसं? म्हणून पहिलं काम बिनखर्चाचं आहे. पुढची बैठक तळमजल्यावर घ्या, आणि जे यायचे थांबले आहेत त्यांना बोलवा.